होळीच्या जागेवरची भेंडी

भेंडीच्या दोन रोपांत एक फूट अंतर हवं म्हणजे हवंच. पण गजूला बागेच्या नकाशात नेमकं तिथेच कलिंगड हवं होतं. वय वर्षं पाच, आणि हट्ट थेट आजोबांचा. मी ओरडलो, "अरे, हा भाजीचा वाफा आहे की फळांची लारी?" तो खुदकन हसला. स्वयंपाकघरातून सून निरुपमा म्हणाली, "आबा, जरा हळू. खालच्या मजल्यावर ऐकू जातंय." जाऊ दे ना! ऐकू दे!

खरं सांगू? मी मनातून खूश होतो. तीस वर्षं रिफायनरीत नकाशे काढले, पण इतकं मन लावून एकही काढला नसेल. माझी बायको पद्मा गेली आणि गेल्या जूनमध्ये नागरवाड्यातलं बिऱ्हाड मोडून मी मुलाकडे आलो. त्यानेही वासणा भागातला हा फ्लॅट तेव्हाच घेतला होता. नातवंडं माझ्या खोलीच्या दारापर्यंत यायची आणि मी "हात धुतले का?" म्हटलं की पळायची. दोष माझाच, पण जीभ कुठे आवरते? फार एकटं वाटायचं.

मग फेब्रुवारीत थंडी सरली आणि गजूची ताई कांचन, वय आठ, आपणहून माझ्याकडे आली. शाळेत बी रुजवून न्यायचं होतं. मी म्हटलं, एकच बी कशाला? अख्खी बाग करू! सोसायटीचा कॉमन प्लॉट रिकामाच तर पडलाय.

झालं. रोज शाळा सुटली की दोघं माझ्या पलंगावर. गवार, भेंडी, काकडी, दुधीला मांडव. कांचनने प्रत्येक वाफा वेगळ्या रंगाने रंगवला. कलिंगडावरून दोन दिवस भांडण झालं आणि शेवटी वेल पसरायला जागा हवी म्हणून त्याला कोपरा मिळाला. जागा मात्र मी निवडली. टेप लावून मोजली, कुठे किती वेळ ऊन येतं ते पाहिलं. वर झाड नाही, विजेची तार नाही, आणि माती कशी काळीभोर, भुसभुशीत. "याला म्हणतात नजर!" मी पोरांना ऐकवलं. कुणाला विचारायचं वगैरे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. भाजी लावायला कसली आलीय परवानगी?

रविवारी आम्ही तिघांनी दगड वेचले, शेणखत कालवलं, वाफे केले. गजू चिखलाने माखला, मी तर दुप्पट. दुसऱ्या दिवशी बी पेरायचं होतं. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी जशुभाई धावत आले आणि गुजरातीत ओरडले,

"अरे दादा, आ शुं कर्युं? आ तो होळीनी जग्या छे!"

दरवर्षी सोसायटीची होळी तिथेच पेटते. वर तार नाही, झाड नाही, म्हणूनच ती जागा धरलेली. आणि माझी ती काळीभोर माती म्हणजे वर्षानुवर्षांची राख न् कोळसा. आम्ही सगळेच नवे, या सोसायटीतली एकही होळी पाहिलेली नाही. पण एका माणसाला विचारलं असतं तरी कळलं असतं. होळी आठ दिवसांवर आली होती.

माणसं जमली. गॅलरीतून कुणीतरी हसलं आणि माझा पारा चढला. "मग बोर्ड लावायचा होता इथे!" मी गरजलो. होळीच्या जागेला कधी कोणी बोर्ड लावतं का? काहीतरीच.

गजू कांचनच्या मागे लपला. ते पाहिलं आणि मनात आलं, बाग गेली तर जाऊ दे, पण ही दोघं आता परत दारातूनच पळणार.

कांचन पुढे झाली. फ्रॉकला हात पुसत म्हणाली, "अंकल, भूल अमारी त्रणेयनी छे. एकला आबानी नथी."

चूक आमची तिघांची आहे, एकट्या आबांची नाही.

जशुभाईंचा चेहराच बदलला. ते मला मराठीत म्हणाले, "दादा, होळी होऊ द्या. राख थंड झाली की खुशाल पेरा, भेंडी-गवारीला तेव्हाही उशीर नाही. पुढच्या होळीपर्यंत जागा तुमची. फक्त विचारायचं हं आधी." मी मान खाली घालून "चुकलं" म्हणालो. या तोंडातून तो शब्द कधी निघाला होता, आठवत नाही.

"आबा, चला ना," कांचन म्हणाली, "तारखा बदलायला लागतील नकाशात." गजूने आपणहून माझं बोट धरलं.

तिघांची म्हणाली पोरगी! जिना चढताना मी ते मनात किती वेळा म्हटलं, देवाला ठाऊक. डोळे भरून आले.

"आबा, तुम्ही रडताय?" गजूने विचारलं.

"गप रे," मी म्हणालो, आणि त्याचा चिखलाने भरलेला हात घट्ट धरून ठेवला.