सगळे फोटो एकाच डिस्कवर

सासूबाईंचे सहाशे चाळीस फोटो जावयाने एकाच डिस्कवर बसवले, तेव्हा घरात त्याचं केवढं कौतुक झालं होतं!

सासूबाई शाळेत भरतकाम शिकवायच्या. घरी आल्यावरही हातातली सुई सुटत नसे. टेबलक्लॉथ, अभ्रे, पडदे, बाळांचे फ्रॉक भरत राहायच्या आणि पूर्ण झालं की कुणाला तरी देऊन टाकायच्या. मुलीने पहिल्या पगारातून कॅमेरा घेऊन दिला, तेव्हापासून वस्तू घराबाहेर जाण्याआधी तिचा फोटो काढायचा असा त्यांनी नेमच केला. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं, तेव्हा त्यांनी ते जावयाच्या हातावर ठेवलं. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचा. कॉम्प्युटरचं काही अडलं की घरात त्यालाच हाक.

“जावईबापू, टाका अन् टाका दिसला पाहिजे हं.”

“आई, तुम्ही निर्धास्त राहा.”

घरात कोरी डिस्क एकच होती. सगळे फोटो जसेच्या तसे ठेवायचे तर चार लागल्या असत्या. दुकान दोन गल्ल्या सोडून, पण टीव्हीवर सामना रंगात आलेला. ‘फोटोंचा आकार कमी करू का?’ असं कॉम्प्युटरने विचारलं आणि त्याने ‘हो’ दाबलं. पडद्यावर फोटो पहिल्यासारखेच झकास दिसत होते. मग त्याने कार्ड पुसून कोरं केलं आणि ऐटीत परत दिलं.

सहा वर्षांनी सासूबाई निवृत्त झाल्या. त्यांच्या टाक्यांचं पुस्तक काढायचं शाळेने ठरवलं. डिस्क घेऊन त्या आणि जावई छापखान्यात गेले. छापखानेवाल्यांनी एका पडद्याचा फोटो पानभर मोठा करून दाखवला. मोराच्या पिसाऱ्याच्या जागी हिरवे-निळे चौकोन होते, ओल्या फरशीसारखे. दुसरा फोटो, तिसरा फोटो, तीच गत.

“यातून टाका कळणार नाही, बाई,” ते म्हणाले. “काडेपेटीएवढे छापले तर चालतील. कॅमेरा साधा होता, की नंतर कुणी लहान केलेत?”

जावयाच्या तोंडातून चटकन निघालं, “कॅमेरा जुनाच होता हो. त्यात हात हलला की...”

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. “माझाच हात हलला असणार,” त्या छापखानेवाल्यांना म्हणाल्या. “तुमचा वेळ खाल्ला. माफ करा.”

बाहेर आल्यावर त्या उलट त्याचीच समजूत घालू लागल्या. “तुम्ही कशाला तोंड पाडता? तुम्ही तर बिचारे जपून ठेवलेत.” त्यावर त्याने ‘हो’ अशी मान हलवली. मान हलवली, याचं त्याला पुढे कितीतरी दिवस आश्चर्य वाटत राहिलं.

आठवडाभर त्याने स्वतःला बजावलं, की जे गेलं ते गेलं, आता सांगून कुणाचं भलं होणार? बायकोने एकदा विचारलं, “तुला बरं नाही का?” तर ऍसिडिटीवर ढकललं. सासूबाईंच्या घरी जायचं मात्र तो टाळू लागला.

शेवटी एका सकाळी बायकोने त्याला आईची औषधं द्यायला पाठवलंच. दार लोटलेलं होतं. सासूबाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कोपरं टेकवून बसल्या होत्या. समोर एक साधा कप आणि हातात कॅमेरा. श्वास रोखून त्या बटण दाबत, फोटो बघत, ‘नाही’ अशी मान हलवत आणि पुन्हा कोपरं टेकवत. बाजूच्या कागदावर त्यांनी तारखा लिहून रेघा ओढल्या होत्या. गेले आठ दिवस त्या रोज सराव करत होत्या.

“या, जावईबापू. बघा बरं, हा तरी हललाय का?”

फोटोत कपाच्या कडेवरचा टवकासुद्धा स्वच्छ दिसत होता.

त्याने औषधं टेबलावर ठेवली. “आई, तुमचा हात कधीच हलला नाही. फोटो मी लहान केले. डिस्क एकच होती, आणि मला उठायचा कंटाळा आला होता. कार्डही मीच पुसलं.”

सासूबाई आधी हसल्या. खरंच हसल्या, सुटल्यासारख्या. “म्हणजे माझा हात ठीक आहे?”

“ठीक आहे.”

मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी कॅमेरा बंद करून बाजूला ठेवला. बसा म्हणाल्या नाहीत, म्हणून तो उभाच राहिला.

“फोटो गेले ते गेले,” त्या म्हणाल्या. “चूक कुणाकडूनही होते. पण त्या परक्या माणसासमोर मी माफी मागत होते आणि तू शेजारी उभा होतास.”

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण त्या त्याला ‘तू’ कधी म्हणाल्या नव्हत्या. 

त्याच दुपारी तो एकटा छापखान्यात गेला आणि सगळं सांगून आला. छापखानेवाल्यांनी चष्मा पुसला. “लहान केलेला फोटो पुन्हा मोठा होत नाही. मूळ फोटोला हात लावायचा नाही, जसाच्या तसा दोन डिस्कवर उतरवायचा, दोन्ही उघडून बघायच्या आणि मगच कार्ड पुसायचं,” एवढंच ते म्हणाले. लहान पोराला सांगावं तसं सांगितलं, आणि त्यानेही तसंच ऐकून घेतलं.

नंतरचे तीन महिने दर रविवारी सासूबाई आणि तो घरोघर फिरले. कुठली वस्तू कुणाला दिली ते सासूबाईंना तोंडपाठ होतं. दात काढणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडचा मोराचा पडदा उन्हाने विटला होता. एका फ्रॉकची फडकी झाली होती. एकीकडे अभ्रा अजून घडी न मोडता कपाटात ठेवलेला निघाला. फोटो सासूबाई काढायच्या, तो कापड ताणून धरायचा.

प्रत्येक दारात तोच प्रश्न यायचा, “अहो बाई, याचा फोटो तुम्ही तेव्हाच काढला होता ना?”

सासूबाई उत्तर देत नसत. त्या कॅमेऱ्याचं झाकण काढायला लागायच्या.

“काढला होता. माझ्याकडून खराब झाला,” तो म्हणायचा.

एकशे बारा घरं झाली. पाचव्या-सहाव्या घरानंतर जीभ सरावेल असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही. शेवटच्या घरी दार उघडणाऱ्या म्हातारीला कमी ऐकू यायचं, म्हणून ते वाक्य त्याला जिन्यातच दोनदा, मोठ्याने म्हणावं लागलं.