सोनेरी दातांवरचे कुंकू

गेलेल्या माणसाची वस्तू पूजेत ठेवावी की तिच्याकडून तिचे काम करून घ्यावे, हा प्रश्न शोकाकुल घरापुढे कधी ना कधी उभा राहतो. दोन्ही एकदम साधतेच असे नाही.

योगेंद्र आषाढात तापाने गेला. डिंडोलीतल्या घरी तो संगणकावर साड्यांची नक्षी रेखी आणि खालच्या छपाई कारखान्यात संगणकाला जोडलेल्या तारेने धाडी. बहीण रंजना हिच्या लग्नाच्या साडीचा पदर त्याने रेखून ठेवला होता, धाडायचा राहिला. वर्षाच्या आत कार्य उरकावे, या रिवाजाने मुहूर्त मार्गशीर्षात धरला होता. नक्षी फ्लॉपीत मावत नव्हती.

योगेंद्रचा मित्र अमोल सकाळपासून खटपट करीत होता. तार बदलून झाली. संगणकाची लिनक्स प्रणाली सुरू होताना सरकणाऱ्या ओळींत, तार जिथे जोडतात त्या नेटवर्क कार्डाचे नावच उमटेना.

"दादा झोपेतसुद्धा हे चालू करायचा," रंजना म्हणाली.

"त्याचं ऐकायचं ते. माझ्यावर रुसलंय."

अमोलने पेटी उघडून कार्ड उपसले. खाचेत बसणाऱ्या त्याच्या सोनेरी दातांवर हळदीकुंकू वाळून घट्ट बसले होते.

"काकू, हे?"

योगेंद्रची आई मंगलाबाई दारातच थबकल्या. "खंडेनवमीला तो हे काढून पाटावर ठेवायचा. आई, माझं हत्यार हेच, म्हणायचा. यंदा आपल्याला सण नाही. पण त्याचं हत्यार बिनपूजेचं कसं ठेवू, भाऊ? एकच स्क्रू होता. त्याचं बघून काढला, त्याचं बघून बसवला."

"तेव्हा कुंकू कुठं लावायचात?"

"वरच्या पत्र्याला. दातांकडे गेले की तो माझा हात धरायचा. यंदा धरणारं कोण होतं?"

अमोलने खोडरबर हाती घेतला, पण चालवला नाही. लग्नघरात कुंकू कोणी पुसावे?

"आण इकडे. मी लावलं, मीच पुसते."

त्यांनी एकेक दात हलक्या हाताने स्वच्छ केला. खोडरबराचा लाल झालेला भुगा पदराच्या गाठीत बांधला. अमोलने कार्ड बसवले. पुन्हा ओळी सरकल्या. या वेळी कार्डाचे नाव आले, मागचा हिरवा दिवा लागला, आणि नक्षी खाली गेली.

जिन्यातून छपाईवाल्या भिकनची नेहमीची हाक आली, "पोचली रे, योगेंद्र."



योगेंद्रने रेखलेल्या त्या पदराच्या छायेत रंजनाचा संसार शीतल राहो. ज्या हातांनी कुंकू लावले आणि ज्या हातांनी ते पुसले, त्या हातांना शांती लाभो.