हिरवी गार

भवार सरांकडं गेलं की पाण्याच्या तांब्याआधी दगड पुढं येतो, असं तिसगावात थट्टेनं म्हणत. थट्टाच ती, पण खोटी नव्हती. सहादेव भवार सरांनी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्यातली निम्मी-अधिक वर्षं आसपासच्या विहिरींतून निघालेल्या गारा, म्हणजे स्फटिकांचे दगड, जमवण्यात घालवली. आपल्याकडचा काळा खडक वरून रांगडा दिसतो. पण सुरुंगानं फुटला की कधीमधी आत पोकळी सापडते आणि त्या पोकळीत स्फटिक वाढलेले असतात. कुठं अबोली रंगाचे उघडलेले पंखे, कुठं श्वास लागला तरी मोडतील अशा पांढऱ्या सुया. पत्नी वारल्यावर सरांनी भांड्यांचं कपाटही रिकामं केलं आणि त्यात कापूस अंथरून गारा मांडल्या.

या गारा सरांपर्यंत आणायचा तो बिभीषण धोत्रे. विहिरी खोदणं हा त्याचा धंदा. खडकावर पहार आपटली की आवाजावरून तो भरीव की पोकळ हे त्याला कळायचं. पहिल्यांदा तो शाळेत आला तेव्हा त्यानं भाकरीच्या फडक्यातून एक तुकडा काढून टेबलावर ठेवला होता.

“सर, ह्ये काय उगवलंय दगडात?”

“स्टिल्बाइट.”

“नाव लई वंगाळ हाय. पर दिसती किती ब्येस!”

तिथून दोघांची गट्टी जमली. बाकीचे खोदणारे असल्या गारा मलब्यात लोटून द्यायचे. बिभीषण मात्र त्या छिन्नीनं सोडवायचा आणि कोंबडीचं पिल्लू धरावं तशा ओंजळीत धरून आणायचा. सुट्टीच्या दुपारी दोघं ओसरीवर बसून एकच दगड उन्हात तासभर फिरवत बसायचे. व्यापारी येत, भाव सांगत, चहा पिऊन परत जात.

एकच चीज कपाटात नव्हती. हिरवा अपोफिलाइट. सरांनी तो एकदा राहुरीकडच्या एका माणसाजवळ पाहिला होता. काचेसारखा नितळ, हिरवट, तळ्याच्या पाण्यावर ऊन पडावं तसा. “एकदा तरी असला मिळावा रे, टोक न मोडलेला,” असं ते बोलून गेले होते. बिभीषणनं ते मनावर घेतलं.

एका फाल्गुनात सर श्रीरामपूरला लेकीकडं गेले होते. दुपारी जेवून लवंडले, तोच फोन वाजला.

“सर, घावली!” बिभीषणचा आवाज विहिरीतल्यासारखा घुमत होता. “कल्याणभाऊच्या हिरीत. सकाळच्या सुरुंगानं पोकळी उघडी पडली. हिरवीगार हाय सर, माज्या मुठीपरीस मोठी.”

सर ताडकन उठून बसले. “टोकं आहेत?”

“समदी हायेत. पर उद्या सकाळी दुसरा बार उडवायचाय. मग भुगाच की.”

“मग आजच काढ. अख्खी काढ.”

 मग बिभीषण म्हणाला, “वरला दगड जरा सैल वाटतोय.”

सरांनी ते ऐकलं. नीट ऐकलं. आणि ते म्हणाले, “जपून काढ.”

तासाभरानं विहिरीच्या मालकाचा, कल्याणचा फोन आला. बिभीषणनं गार सोडवली, आपल्या टॉवेलात गुंडाळली, घमेल्यात ठेवून यारीच्या दोरानं वर पाठवली. ती वर पोचली, आणि खाली दगड सुटला. दवाखान्यात न्यायच्या आधीच तो गेला होता.

सर मिळेल त्या एसटीनं निघाले आणि गावात शिरले तेव्हा सरण रचून झालं होतं. लोक म्हणत होते, नशिबापुढं कुणाचं चालतं! कुणीतरी म्हणालं, एवढा जाणता गडी, सैल दगडाखाली गेलाच कसा? सर तिथंच उभे होते. त्यांनी तोंड उघडलं नाही.

दोन दिवसांनी कल्याण टॉवेलातलं गाठोडं घेऊन आला. “तुमच्यासाठीच काढत होता म्हणं,” एवढंच बोलून त्यानं ते ओसरीवर ठेवलं. सरांनी ते कपाटाच्या खालच्या खणात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. पुढं कुणी दगड बघायला आलं तर, किल्ली सापडत नाही, म्हणायचे. जेवण तुटलं. लेक फोनवर विचारायची, काय झालंय बाबा? काही नाही, म्हणायचे. झोपेतून जागे होताना ‘जपून काढ’ हे दोन शब्द त्यांच्या कानात असायचे, आणि ते त्यांच्याच आवाजात असायचे.

वर्षश्राद्धाला आठ दिवस उरले तेव्हा सर बिभीषणच्या बायकोच्या, चांगुणाच्या दारी गेले. ती कांदे निवडत अंगणात बसली होती. तिनं पोतं अंथरलं. सर बसले नाहीत.

“चांगुणाबाई, त्या दिवशी त्यानं मला फोन केला होता.”

“ठाव हाय. त्यांच्या मोबाईलात शेवटचा नंबर तुमचाच हुता.”

“दगड सैल आहे म्हणाला होता मला. मी थांब म्हणालो नाही. जपून काढ म्हणालो.”

चांगुणाचे हात थांबले. 

“तुमी ‘न्हाई’ म्हनला असता, तरी उतरले असते ते,” ती म्हणाली. “गारंपायी येडे हुते. मला ठाव हाय.” मग तिनं मान वर केली. “पर तुमी ‘न्हाई’ म्हनला न्हाई.”

सर पोत्याच्या कडेला टेकले.

“ती गार कुठं हाय?” तिनं विचारलं.

“घरी. गाठोडं सोडलं नाही अजून.”

“बघायची हाय मला.”

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली. सरांनी कुलूप काढलं, गाठोडं तिच्यापुढं ठेवलं. गाठ तिनंच सोडली. टॉवेलाला खडकाची भुकटी लागली होती, ती तिनं झटकली नाही. आत पांढऱ्या कवचावर हिरव्या स्फटिकांचा झुबका होता. एकही टोक मोडलेलं नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं. ते स्फटिकांत शिरलं आणि चांगुणाच्या मनगटावर हिरवट कवडसा पडला.

“एवढ्यासाठी,” ती म्हणाली.

मग ती रडली. आवाज न करता, दगड मांडीवर धरून. सर भिंतीला टेकून उभे राहिले. तिला पाणी द्यावं हेही त्यांना सुचलं नाही.

शांत झाल्यावर तिनं दगड फिरवून फिरवून पाहिला. खालच्या बाजूला छिन्नीचे बारीक घाव होते, एकाला एक लागून. त्यांवरून तिनं बोट फिरवलं. “सावकाश काढलीया,” ती म्हणाली. “घाई केली न्हाई त्यांनी. चांगली हाय. खरंच लई चांगली हाय.”

“तुम्ही न्या ती. तुमचीच आहे.”

“कुठं ठिवू? उठता-बसता नजर पडंल.” तिनं गार कापसावर ठेवली, टॉवेल घडी करून पिशवीत घातला आणि उठली. दारातून ती मागं न बघता म्हणाली, “कुनी आलं तर दाखवा. कुलूप घालू नका. कुनी काढली, त्ये बी सांगा.”

सरांनी कपाट उघडं ठेवलं. शाळेची पोरं येतात, कधी नगरहून कॉलेजची येतात. हिरव्या गारेपाशी आलं की सर बिभीषणचं नाव सांगतात, फोनवर तो काय म्हणाला ते सांगतात, आणि आपण काय म्हणालो तेही सांगतात.  एखादं पोर मग दगडाला हात लावत नाही.

नवी गार त्यांनी पुन्हा कधी घेतली नाही. कुणी विहिरीतून काही आणलं तर बघतात, नाव सांगतात आणि परत देतात.

बाजाराच्या दिवशी कधी चांगुणा समोरून येते. ती तोंड फिरवत नाही, थांबतही नाही. सर बाजूला होऊन तिला वाट देतात आणि ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभे राहतात.