तीन फोटोंची ओळ

“इथून कापा,” बापूरावांनी फोटोवर उभं बोट ठेवलं. “जंगू ठेवा, बाई उडवा.”

गोकुळाने बोटाखालून फोटो अलगद ओढून घेतला.

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागच्या त्या छापखान्यात ती तेवीस वर्षं संगणकावर पानं लावत होती. नाटकांचा हंगाम आला, की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची अर्धी नाट्यमंडळं तिच्या टेबलासमोर उभी असत. बापूराव वैनगंगेकाठच्या एका गावातल्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष. मंडळाला यंदा पन्नास वर्षं झाली, म्हणून नाटकाच्या पत्रकावर तीन संस्थापकांचे फोटो एका ओळीत हवे होते. तिघेही आता हयात नव्हते. दोघांचे फोटो उभे, एकेकट्याचे. तिसरा जंगू, तळ्यात जाळं टाकून पोट भरणारा आणि नाटकात पेटी वाजवणारा माणूस. उभ्या जन्मात त्याचा एकच फोटो निघाला होता, तोही आडवा. एका टोकाला जंगू, मधे पेटी, दुसऱ्या टोकाला त्याची बायको सुगंधाबाई.

ती सुगंधाबाई दाराजवळच्या बाकावर बसली होती. फोटो काही केल्या ती कुणाच्या हाती सोपवेना, म्हणून मंडळाने तिलाच फोटोसकट जीपमध्ये बसवून आणलं होतं.

“कापू नोका जी,” ती म्हणाली. “अर्धी पेटी जाईन त्याईची. एवढाच तं फोटो हाय.”

“बाई, तुमचा मोठा टाकला तं बाकीचे दोन घरं मले गावात राहू देतीन काय? मागच्या साली कोषाध्यक्षाचा फोटो बोटभर मोठा निंगाला, तं सचिवाच्या घरचे मंडपाचे खांब उपटून घेऊन गेले. सायज सारखीच पाहिजे.”

बापूराव खोटं बोलत नव्हते. त्या गावात नाटक पडलेलं लोक सोसतात, फोटो लहान झालेला सोसत नाहीत.

पण गोकुळा फोटो कापत नसे, यालाही कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या पत्रिकेत फोटो मावेना, म्हणून तिने तो गुडघ्याखाली कापला. चेहरा छान आला म्हणून खूशही झाली. दुसऱ्या दिवशी नागभीडकडून त्याचा मुलगा आला, पत्रिका टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “बाई, बुढ्याचे पाय कुठी गेले? लोकं पाया कुठी पडतीन?” तो ओरडला असता तर ती विसरूनही गेली असती. तो ओरडला नाही.

तेव्हापासून तिने कुणालाच कापलं नाही. मालक घनश्याम कुरकुरत, की कापलं तर दोन मिनिटांत काम होतं. ती ऐकून घेई, रद्दी कागदाची पट्टी ओढी आणि वर लिही: उंची = क्ष. दहावीत इंग्रजीने तिची वाट अडवली होती, गणितात मात्र ब्याऐंशी गुण होते. ते ब्याऐंशी गुण या टेबलाबाहेर जगात कुठेच कामी आले नाहीत. इथे मात्र त्यांनी शेकडो माणसांचे हातपाय वाचवले होते.

आजही तिने पट्टी ओढली.

“काय लिहून राह्यल्या बाई?” बापूरावांनी मान लांब केली.

“तिन्ही फोटोंची उंची एकच ठेवू, भाऊ. किती ते अजून माहीत नाई, म्हणून क्ष.”

उभ्या फोटोची रुंदी उंचीच्या पाऊणपट. दोन उभे मिळून दीड क्ष. जंगूचा फोटो उंचीच्या दीडपट रुंद, म्हणजे आणखी दीड क्ष. एकूण तीन क्ष. छापायची रुंदी एकशेनव्वद मिलिमीटर, त्यातून दोन फटींचे पाच-पाच गेले, की उरले एकशेऐंशी.

“क्ष म्हंजे साठ,” गोकुळा म्हणाली. “तिन्ही फोटो साठ मिलिमीटर उंच. कोनालेच कापाचं काम नाई.”

तिने ओळ लावली आणि नमुना छापून दिला. बापूरावांनी टेबलावरची मोजपट्टी उचलून उंची तपासली. बरोबर. मग त्यांनी मोजपट्टी आडवी केली आणि त्यांचा चेहराच बदलला.

“हे काय? त्या दोघाईले पंचेचाळीस-पंचेचाळीस, अन् जंगूले नव्वद? डबल? नाई जमत. कापाच लागते.”

बापूराव घनश्यामकडे गेले असते, तर दुसऱ्या टेबलावर दोन मिनिटांत सुगंधाबाई उडाली असती. बाकावरच्या बाईने तर मानच खाली घातली होती.

“भाऊ,” गोकुळा म्हणाली, “जंगूभाऊ पेटी वाजवत. सुगंधाबाई काय करत?”

बापूरावांनी मोजपट्टी खाली ठेवली.

“पहिल्या सालापासून पडद्याआडून नटाईले पाठ सांगे,” ते म्हणाले. “वाचता येत नाई तिले. पन तालमीत आयकून आयकून अख्खं नाटक पाठ. माह्या पहिल्या नाटकात मी थिजून उभा होतो, एक शब्द आठवे नाई. हिनंच पार केलं मले.”

“मंग या नव्वदात मानसं किती हायत?”

बापूरावांनी फोटोवर बोट ठेवून मोजलं, एक, दोन. गोकुळाने कागदाच्या पट्टीवर नव्वद लिहिले, त्याखाली दोन, भागाकार केला आणि पट्टी त्यांच्यापुढे सरकवली.

“पंचेचाळीस,” त्यांनी वाचलं. मग मोठ्याने खाकरले. “तीन नाई, चार संस्थापक लिहा. अन् ही पट्टी मले द्या. कोनी भांडाले आलं तं दाखवतो.”

गोकुळाने चौथं नाव टाईप केलं. अक्षरं इतरांच्याएवढीच, ना कमी ना जास्त. आज तिला स्वतःचा फार अभिमान वाटला.

नवा नमुना निघाल्यावर तिने तो सुगंधाबाईच्या मांडीवर ठेवला. बाईने आधी नवरा पाहिला, मग पेटी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग तिचं बोट स्वतःच्या चेहऱ्याखालच्या अक्षरांपाशी थांबलं.

“हे काय लिवलं, माय?”

“तुमचं नाव.”

“माहं काऊन? त्याईची जागा जाईन ना.”

“नाई जात,” गोकुळा म्हणाली. “तुमच्या वाट्याची वेगळी निंगाली.”

सुगंधाबाईने हात पदराला नीट पुसला आणि मग नावावर ठेवला.