आजार म्हणावं की नाही

शहाद्याच्या कॉलेजात गिरासे सर मानसशास्त्र शिकवत. माणूस लाघवी, त्यांच्या तासाला बाकं अपुरी पडत. अशा सरांशी वाद घालावा, हे चेतनाच्या स्वप्नातही नव्हतं. पण त्या दिवशी सर म्हणाले, "मनाचा आजार म्हणजे डॉक्टरांनी काढलेलं नाव. रक्तात दिसत नाही, एक्स-रेत दिसत नाही. डोंगरात बाईला डाकीण ठरवतात, दवाखान्यात पेशंट ठरवतात. शिक्का तेवढा बदलला."

चेतना उभी राहिली हे तिलाच उशिरा कळलं.

"सर, थर्मामीटर नव्हता तेव्हा माणसाला ताप येत नव्हता का?"

वर्ग हसला. सर रागावले नाहीत. असं कुणी जवळून पाहिलंयस का, एवढंच त्यांनी विचारलं. चेतनाच्या थोरल्या भावाला, हेमराजला, केळीच्या पानांआडून कुणीतरी आपलं नाव घेतंय असं ऐकू यायचं. त्यापायी त्याने घडांवर आलेली अर्धी बाग कापून काढली होती. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा कुठे तो माणसांत आला. गावाला टायफॉइड सांगितला होता, आणि आता त्याच्या सोयरिकीची बोलणी चालली होती. "नाही सर," म्हणून ती खाली बसली.

गोष्ट तिथेच मिटायची. पण शेजारची रूपाली तिच्याच वर्गात. तिने हा वाद चेतनाच्याच ओट्यावर रंगवून सांगितला, हेमराजच्या देखत.

पुढे त्याचं जेवण तुटलं. मोबाइल तो फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवू लागला. बोलता बोलता मान वळवून बागेकडे बघत राहायचा. आई, कमलबाई, त्याच्या ताटाकडे बघायची आणि मग चेतनाकडे. शेवटी चेतनाने धीर करून गोळ्यांचं विचारलं.

"तुन्हा सरच सांगस ना, आजार नही शे म्हनीसन," तो शांतपणे म्हणाला. "मंग माले गोळ्या कशाले?"

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. घरचं झाकलेलं उघडं करायचं, तेही सरांपुढे. पण दुसऱ्या कुणाचं तो ऐकणार नव्हता. सकाळी ती स्टाफरूममध्ये गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. मग सरांनी आपल्या बहिणीचं सांगितलं. सासरी मार खाऊन ती बोलेनाशी झाली, तर सासरच्यांनी तिला वेडी म्हणून माघारी धाडली होती. तेव्हापासून या शब्दाची त्यांना चीड होती.

त्याच दुपारी ते मोटारसायकलवर गावात आले. हेमराज अंगणात कोयत्याला धार लावत बसला होता आणि कमलबाई दारातच थिजली होती. सर त्याच्याशेजारी जमिनीवर बसले.

"तुमले आयकू येस का?" हेमराजने बागेकडे बोट केलं.

सरांनी खरंच कान दिला. "नही."

"माले येस. मंग मी आजारी शे का? तुमीच सांगा."

सर धारेच्या दगडाकडे बघत राहिले.

"शे, भाऊ," ते म्हणाले. "मी वर्गात बोलनू ते तुले देखीसन नही बोलनू. चाल, मी येस संगे."

हेमराज उठायला तयार नव्हता. उन्हं कलेपर्यंत सर तसेच बसून राहिले. मग कधीतरी त्याने कोयता आईच्या हातात दिला आणि चप्पल शोधू लागला.

नंदुरबारच्या दवाखान्यात गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. उतार पडायला वेळ लागला, आणि तेवढे दिवस पान सळसळलं तरी चेतना दचकायची. पण दवाखान्यात त्यांना कुणीतरी पाहिलं होतं. सोयरिकीवाल्यांचा निरोप आला, मुलीला इतक्यात द्यायचं नाही. कमलबाई चुलीकडे तोंड करून रडली.

सरांनी तो धडा पुन्हा घेतला. मागच्या खेपेला मी अर्धंच सांगितलं, म्हणाले; आजार खरा असतो. शिक्क्याबद्दलचं बोलणं मात्र त्यांनी मागे घेतलं नाही. मोडलेली सोयरीक चेतनाच्या डोळ्यांपुढे होती. या वेळी तिला वाद घालता आला नाही.