क्लोन म्हणजे डहाळी

टी. नरसीपूरचं आईचं घर विकलं, तेव्हा वनजा आणि तिचा थोरला भाऊ संताजीराव यांचं एकाच गोष्टीवरून वाजलं. आईने लावलेल्या मोगऱ्यावरून. घरात सगळे त्याला कानडीतलं मल्लिगेच म्हणत.

वनजाने चार डहाळ्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळल्या. संताजीरावांनी मात्र आख्खं झाड मुळासकट उपटून म्हैसूरला, नजरबादच्या आपल्या घरी नेलं.

"तुझं ते डुप्लिकेट गं," ते म्हणाले. "आईचं झाड माझ्याकडे."

ते झाड पंधरा दिवसांत वाळलं. वनजाच्या चारांपैकी एक डहाळी त्याच शहरात, गोकुलमला तिच्या गच्चीतल्या कुंडीत तगली. झाड गेल्याचं संताजीरावांनी फोनवर सांगितलं, आणि त्यानंतर दोघांचं एकमेकांकडे येणं-जाणंच थांबलं.

वनजाच्या वरच्या मजल्यावर एलेनी नावाची ग्रीक बाई भाड्याने राहायची. योग शिकायला आलेली. एके सकाळी वनजा मोगरा छाटत होती, तर ती ओरडली, "क्लोनारी!"

"क्लोन? ते प्रयोगशाळेतल्या मेंढीचं ना?"

एलेनी खो खो हसली. "आमच्याकडे कोवळ्या डहाळीला क्लोनारी म्हणतात. क्लोन शब्द तिथूनच आलाय. शास्त्रज्ञांनी आधी तो झाडांसाठीच वापरला. डहाळी लावून वाढवलेलं झाड हे नवं नसतं, पहिलंच असतं. मेंढी फार नंतरची!"

वनजाने कात्री खाली ठेवली, कुंडी उचलली आणि रिक्षा थांबवली.

संताजीरावांनी दार उघडलं. कुंडी बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"अण्णा, हे डुप्लिकेट नाही. हे तेच झाड आहे. आईने लावलं तेच."

"सुम्ने, उगाच काहीतरी सांगू नकोस."

मग वनजाने ऐकलेलं सगळं सांगितलं. संताजीराव वाकले आणि त्यांनी एक कळी नाकाशी धरली.

"म्हणजे माझ्या हातून मेलं, ते..."

"मेलं नाही रे. हे बघ की."

त्यांनी डोळे पुसले आणि कुंडी घ्यायला नकार दिला. "ही तुझ्याकडेच असू दे. मला एक डहाळी कापू दे."

कापून, अंगणातली माती उकरून त्यांनी ती मोठ्या मानाने रोवली. वनजाने बघितलं आणि तिला हसू आवरेना.

"अय्यो अण्णा! उलटी लावलीस!"

संताजीराव क्षणभर रागावले. मग भाऊ-बहीण दोघंही मातीतच बसून, पोट धरून हसले.