खारीचा वाटा

शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यापासून बाबांनी जेवणाशी अबोला धरला होता. डॉक्टरांच्या मते पोट ठणठणीत होतं. बाबांच्या मते पोटाचं मत कुणी विचारलेलंच नव्हतं. उभा जन्म टपालखात्यात गेलेला हा माणूस. समोर ताट आलं की पत्ता चुकलेल्या पाकिटाकडे बघावं तसं बघायचा आणि हलकेच बाजूला सारायचा.

लेकीचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर भिंगं घासायची आणि संध्याकाळी बापाची मनधरणी करायची, असा तिचा दिनक्रम झाला. सूप झालं, अंडी झाली, मासे झाले. अकराव्या दिवशी बाबा म्हणाले,

"खार असती तर खाल्ली असती."

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस कामात हुशार, पण कानाने जरा कच्चा. "खारं? म्हणजे शेंगदाणे?"

"शेंगदाण्यांना शेपूट असते का, जावईबापू?"

मग उलगडा झाला. बाबा सात वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांचा कारखाना बंद पडला. घरात खायचे वांधे. तेव्हा बारा वर्षांची त्यांची बहीण वीटभट्टीकडे जायची आणि दोन-तीन खारी सोलून आणायची. कांद्याबरोबर शिजवलेल्या त्या खारींची चव बाबांच्या जिभेवरून उतरली नव्हती. "ससा खाल्लाय, कबुतर खाल्लंय, साळिंदरही एकदा खाल्लंय. खारीपुढे सगळे पाणी भरतील."

लेकीने आधी सोपा मार्ग धरला. कोंबडीचे बारीक तुकडे करून वाढले.

"कोंबडी," बाबा म्हणाले आणि ताट सारलं.

मग ती खाटकाकडे गेली. खाटकाने सुरी खाली ठेवली. "ताई, मी खार विकायला लागलो, तर लोक माझ्या बाकीच्या मालाकडेही वाकड्या नजरेने बघतील. ससा देतो."

"ससा," बाबा म्हणाले. या खेपेला दोन घास मात्र खाल्ले.

त्याच आठवड्यात दुकानात अक्रोडाचा बागवाला आला. खारींनी त्याची बाग लुटायला घेतली होती. तो छऱ्याची बंदूक घेऊन रोज बसायचा आणि रोज झाडाला छरे मारायचा. "हात स्थिर आहे, नेम अचूक आहे," तो म्हणाला, "खारच दरवेळी शेजारी निघते."

लेकीने त्याचा चष्मा यंत्राखाली धरला. उजवं भिंग बसवताना कुणीतरी पंधरा अंशांनी फिरवून ठेवलं होतं. तिने नवं घासलं, चौकटीत बसवलं आणि त्याच्या नाकावर ठेवून दोनदा सरळ केलं. मग आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "पडलेल्या खारींचं काय करता?"

"खातो. फेकून द्यायला काय झालंय?"

तिसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार खारी घेऊन हजर झाला. तीन सोललेल्या होत्या. चौथी, खात्री पटावी म्हणून, शेपटीसकट.

लेकीने मांस मिठाच्या पाण्यात भिजत घातलं, कांदा आणि मिरपूड टाकून दीड तास मंद आचेवर शिजवलं. जावयाने त्या वेळात दोनदा स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं आणि दोन्ही वेळा आपल्याला आज भूक नसल्याचं जाहीर केलं. लेकीने चाखून बघितलं. हाडं काड्यांसारखी होती आणि चव, कबूल करणं जिवावर आलं तरी, झकास होती.

बाबांनी एक तंगडी चावून-चावून संपवली. बोटं पुसली.

"चांगलं आहे. पण ही खार नव्हे."

"बाबा, मी शेपूट बघितलीय!"

"शेपटीचं मला सांगू नकोस. चव वेगळी होती."

लेक तावातावाने स्वयंपाकघरात गेली आणि तिने थेट आत्याला फोन लावला. चौऱ्याऐंशीला टेकली तरी आत्या दुसऱ्या गावी एकटी राहायची आणि फोन पहिल्या घंटेला उचलायची. लेकीने सगळं सांगितलं.

"किती खाल्लं त्याने?"

"एक तंगडी."

"त्याला सांगू नकोस हं. त्या खारी नव्हत्या."

"मग?"

"घुशी. भट्टीमागच्या गोदामातल्या. अगं, खार झाडावर आणि मी जमिनीवर, कशी सापडणार? डोकी आणि शेपट्या तिथेच पुरून यायची."

"आणि तू पण तेच खायचीस?"

"मी सांगायची, माझा वाटा मी वाटेतच खाल्ला."

"खाल्लेला असायचा?"

"छे गं! घूस कोण खाईल?"

लेकीने फोन ठेवला. गिऱ्हाइकाचा नंबर वाढला असेल तर तोंडावर सांगायची तिची सवय. पोटात गोष्ट ठेवणं तिला जमायचं नाही. ती बाहेर आली आणि जसंच्या तसं सांगून मोकळी झाली.

बाबा ताटाकडे बघत बसले.

"सगळ्या घुशी?"

"सगळ्या."

"मग ताई काय खायची?"

लेकीने आत्याचा नंबर पुन्हा लावला. बाबांनी हात पुढे केला. "फोन दे इकडे."

"ताई," ते ओरडले, "बहात्तर वर्षं फसवलंस मला!"

पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण बाबांचे कान लाल झाले. "भूक नसायची म्हणे! बारा वर्षांच्या पोरीला भूक नसते? कुणाला शिकवतेस?... घुशीचं जाऊ दे गं. घूस मी पचवली. तू एक तुकडा खाल्ला असतास तर काय आभाळ कोसळलं असतं?"

भांडण चाळीस मिनिटं चाललं. मध्येच बाबांचा आवाज चिरकला, मग परत चढला. या धामधुमीत डावा हात फोनला आणि उजवा ताटात, असं करत त्यांनी उरलेल्या खारी, दोन पाव आणि जावयासाठी झाकून ठेवलेलं अंडं फस्त केलं. लेक आणि जावई भिंतीला टेकून उभे होते. हलायची कुणाची हिंमत नव्हती.

शनिवारी आत्या पिशवी घेऊन आली, ती तीन आठवडे राहिली. तिने खारीला हात लावला नाही. ते दोघे रोज दोन्ही जेवणांना भांडायचे, आणि तिचं ताट भरल्याशिवाय बाबा स्वतःचं पुढे ओढायचे नाहीत. जावई तेवढे दिवस बाहेरच्या खोलीत बाकावर झोपला. बाबांचं वजन चार किलोंनी वाढलं.